डाव्या कानाने ऐकलेलं नाव

तुमच्या या सदरात लोक विहिरी, वडाची झाडं, पांढऱ्या साड्या असलं काय काय लिहितात. मी वाचतो, माझा चहा गार होतो, एवढंच. मी पलटणीतला माणूस. लढाईत इटलीच्या डोंगरात मेलेल्यांच्या शेजारी अंग टाकून झोपलोय. एकही उठून बसला नाही. तेव्हा भूत, करणी, दृष्टांत घेऊन माझ्याकडे येऊ नका, असं मी सगळ्या चाळीला बजावून ठेवलं होतं. आजही माझं मत तेच आहे. फक्त एक गोष्ट सोडून... आणि ती लिहा म्हणून आमच्या मंडळींनीच भरीस घातलंय. ती आत्ता मागे उभी राहून वाचतेय, त्यामुळे पदरचं घालायची सोय नाही.

माझं नाव भिकाजी. हे आधीच सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. आमची इंदू जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. नुसतं नावच नाही, नावाच्या जवळपास जाणारा शब्दसुद्धा नाही. दारात भिकारी आला तर 'मागणारा आलाय' म्हणायची. लग्नातला उखाणासुद्धा तिने असा गिळला की भटजींनी विचारलं, नवरा कोण म्हणालीस?

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीचे दिवस होते. आम्ही लालबागला थोरल्या भावाच्या खोलीत राहायचो. म्हणजे खोली भावाची आणि वहिनीची, आणि गॅलरीत गोणपाटाचा पडदा लावून आम्ही दोघं. पलटणीतून सुटताना मी एक डावा कान तिकडेच ठेवून आलो होतो. तोफगोळा जवळ फुटला, तेव्हापासून त्या बाजूला ठार शुकशुकाट. तरी एका गिरणीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलो. एक दिवस गेटसमोरून मोर्चा आला. मालकाचा हुकूम होता की दार अडवून उभं राहायचं. उभा राहिलो की! पण मोर्च्याने घोषणा दिली आणि माझा हात आपोआप वर गेला. हातात मालकाची काठी आणि तोंडात 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. संध्याकाळपर्यंत घरी.

मग कदम आला. कदम म्हणजे पलटणीतला माझा जोडीदार, नायगावला राहायचा. म्हणाला, "भिक्या, आखातात एका तेलकंपनीला पहाऱ्याला माणसं हवीत. आपल्यासारखी, बंदूक हाताळलेली. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट. माझं झालं, तू पण ये."

वहिनी आतूनच म्हणाली, "कानान बहिरो तो! तेका बंदूक कोण देतलो?"

इंदूला रात्री पडद्याआड विचारलं तर म्हणाली, "परत आलात की आपली खोली होईल ना?" म्हटलं, होईल. "मग जा," म्हणाली, आणि कूस बदलली. ती रडत होती हे मला कळलं, कारण ती उजव्या बाजूला होती.

माणसं निवडायचं काम माझगावला बंदराजवळच्या एका गोदामात चाललं होतं. साहेब गोरा, जुना फौजी, हिंदुस्तानी आमच्याइतकंच बोलायचा. मी कानाचं सरळ सांगून टाकलं. नाहीतरी पलटणीतून सुटल्याच्या कागदावर ते होतंच. साहेब म्हणाला, "पहरे पे कान ही तो चाहिए, जवान." मी म्हटलं, "साहब, आजमा के देखो." आता हे बोलायला काय जातं! पण साहेब उठला आणि खरंच मला अंगणात घेऊन गेला.

परीक्षा अशी होती. रिकामी रायफल घेऊन मी पाण्याकडे तोंड करून उभं राहायचं, वळून बघायचं नाही. साहेबाचा एक बलुची शिपाई कॅनव्हासचे बूट घालून मागून येणार. त्याचा हात खांद्यावर पडायच्या आत मी त्याला पकडायचं आणि दरडावून विचारायचं, 'हुकुमदार!' साहेबांच्या 'हू कम्स देअर'चं आमच्या पलटणीत कधीच हुकुमदार होऊन गेलं होतं.

पहिल्यांदा तो उजवीकडून आला. पकडला. दुसऱ्यांदा डावीकडून आला आणि त्याचा पंजा माझ्या खांद्यावर पडला तेव्हाच मला कळलं. माझ्यासोबत आलेल्या कदमने मागे कपाळाला हात लावला असणार. साहेब म्हणाला, "एक बार और. आखिरी."

उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती. लढाईत वाटली नव्हती. इटलीत गेलं तर माझं एकट्याचं जाणार होतं, इथे इंदूची खोली जाणार होती. बलुची येईना. बेटा हुशार होता, वाट बघत होता. कशाची, ते लगेच कळलं. दुपारच्या पाळीचा भोंगा झाला. आधी एका गिरणीचा, मग दुसरीचा, मग सगळ्यांचा मिळून एकच कल्लोळ. आता माझा उजवा कानही कामातून गेला. मनात म्हटलं, संपलं.

आणि डाव्या कानात इंदू बोलली.

"भिकाजी, मागे!"

शप्पथ सांगतो, स्पष्ट. भोंग्यातून नाही, भोंग्याच्या अलीकडून, अगदी कानाला तोंड लावल्यासारखी. ज्या कानात इतक्या वर्षांत टाचणी पडल्याचा आवाज नव्हता त्या कानात! मी गर्रकन वळलो आणि ओरडलो, "थम! हुकुमदार!" बलुचीचा हात हवेतच राहिला. माझ्या खांद्यापासून वीतभर असेल. तो एक पाऊल मागे गेला आणि स्वतःच्या कानाच्या पाळ्या धरून काहीतरी पुटपुटला.

साहेब धावत आला. "भोंपू में कैसे सुना?"

मी म्हटलं, "बीवी ने आवाज दी, साहब."

"किधर है बीवी?"

"लालबाग में."

साहेब इतका हसला की त्याची हॅट पडली. म्हणाला, "तो काँट्रॅक्ट किसको दूँ? तुमको या बीवी को?" पण दिलं. रात्रीचा पहारा नको, मोठ्या गेटवर दिवसाची ड्युटी, समोरून येणाऱ्या गाड्या तपासायच्या, असं ठरलं. कदमने मला उचलून गोल फिरवला. आम्ही दोघं भायखळ्यापासून लालबागपर्यंत घोषणा देत चालत आलो, आणि वाटेत लोक आपणहून सामील होत गेले. त्यांना वाटलं मोर्चाच आहे.

चाळीत शिरतो तर सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. म्हटलं, बातमी आधीच पोचली की काय? मी खालूनच ओरडलो, "झालं! काँट्रॅक्ट झालं!" कुणाचं लक्ष नाही. वर गेलो तर वहिनी तोंडाला पदर लावून हसतेय, शेजारच्या बायका एकमेकींना कोपर मारताहेत, आणि इंदू चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी माझी बातमी सांगतोय, त्या त्यांची सांगताहेत, दोन्हीकडून कुणी ऐकत नाही.

शेवटी वहिनीने मला उजव्या बाजूला ओढलं. "भावजी, ऐकलात काय? तुमच्या बायलेन आज भर गॅलरीत तुमचा नाव घेतल्यान! आनी हळू न्हय, बोंब मारल्यान!"

मी कदमकडे बघितलं. "कधी?"

"दुपारचो भोंगो झालो तेव्हा."

"काय म्हणाली?"

वहिनीने सांगितलं. तेच दोन शब्द. तांदूळ निवडत बसली होती, सूप हातातून पडलं, तांदूळ खालच्या मजल्यावर सांडले, आणि भोंग्याच्या वर ऐकू जाईल असा आवाज. सगळ्या चाळीने ऐकला. मग मी माझगावचं सांगितलं. कदम साक्षीला होताच.  आणि मग वहिनीच आधी हसली, आणि बायकांनी इंदूला उठवून मध्ये घेतलं. सांडलेल्या तांदळांचा त्या रात्री सगळ्या मजल्याला भात झाला.

इंदूला किती खोदून विचारलं. स्वप्न पडलं? काही दिसलं? नाही म्हणते. "उचकी येते तसं आलं तोंडातून. मला काय ठाऊक तुम्ही कुठे उभे आहात ते!" निघायच्या दिवशी बंदरावर मात्र म्हणाली, "या हाकेने तुम्ही जाणार हे माहीत असतं ना, तर तोंड शिवून घेतलं असतं." हसत म्हणाली, पण म्हणाली.

तिकडे दोन वर्षं चोख ड्युटी केली. वाळू, उन्हाळा, तेलाचा वास, बाकी तक्रार नाही. एक सवय मात्र लागली. झोपताना चांगला कान उशीत आणि बहिरा कान वर. कदम चिडायचा. "अरे, सकाळची शिट्टी ऐकू येणार नाही तुला!" मग शिट्टी झाली की तोच मला हलवून उठवायचा. मी कशासाठी तसा झोपतो, हे त्यानेही कधी विचारलं नाही. त्या कानात पुन्हा काही आलं नाही. एकदाही नाही.

करार संपत आला तेव्हा साहेबाने बोलावलं. काम पसंत होतं, पगार वाढवून आणखी तीन वर्षांचा कागद तयार होता. कदमने सही केली. मी हात जोडले.

"क्यों? क्या हुआ?"

"यहाँ सुनाई नहीं देता, साहब."

साहेबाचा चेहरा पडला. "दाहिना भी गया?"

"नहीं साहब," मी म्हटलं. "बायाँ."

 साहेबाने कागदाची घडी घातली, माझ्याशी हात मिळवला आणि पहिल्या बोटीचं तिकीट काढायला सांगितलं.

मी परतलो तेव्हा मुंबई महाराष्ट्राची झाली होती आणि लालबागला आमची स्वतःची खोली झाली. कान नंतर दोन मोठ्या डॉक्टरांना दाखवला. दोघंही म्हणाले, आतलं सगळं संपलेलं आहे, या कानाने काही ऐकू येणं शक्य नाही. मी वाद घालत नाही. मलाही ते शक्य वाटत नाही. आमच्या मंडळी आत्ता मागून म्हणताहेत, "पुरे झालं, जेवायला चला." दोनदा सांगितलं म्हणे. पहिल्या वेळी ती डाव्या बाजूला होती.