नाकातलं तूप

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन काही वर्षं झाली होती आणि शहरात रोज काही ना काही नवीन येत होतं. त्यातच समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात, मुलांना नाकातून द्यायची फ्लूची लस सुरक्षित आहे का, हे तपासायचं काम आलं. मी त्यातली घरोघर फिरणारी ‘दीदी’. लस दिल्यावर दहा दिवस घरच्यांनी ताप, खोकला, उलटी असं काय झालं ते कार्डावर लिहायचं आणि मी ते पाहायचं. माझी कार्डं सगळ्यात स्वच्छ असत आणि त्याचा मला भलताच तोरा होता.

तात्यापारा मोहल्ल्यात एका घरी चार वर्षांची पोट्टी होती. माणसं मूळची अकोल्याकडची. तिचे आजोबा रेल्वेतले निवृत्त गार्ड. कार्ड तेच भरत, वेळेसकट. तिसऱ्या दिवशी मी कार्ड पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. रकान्यात जागा नव्हती म्हणून कडेला लिहिलं होतं, ‘लशीच्या दिवशी सकाळी ७.४०. साजूक तूप, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब. नेहमीप्रमाणे.’

लस नाकातून, आणि नाकात आधीच तूप! लस देण्याआधी मी ढीगभर प्रश्न विचारले होते, नेमका हाच नाही. दुसऱ्याच दिवशी बाहेरचे लोक कार्डं तपासायला येणार होते. पोरीचं नाव चाचणीतून कापलं जाणार आणि माझी नोकरी जाणार, हे मला स्पष्ट दिसू लागलं.

“आजोबा, हे काहून लिहिलं?”

“घातलं म्हणून लिहिलं.”

“मी नवीन कार्ड देते. एवढं सोडून बाकी उतरवा.”

ते चिडले नाहीत. पेन माझ्याकडे सरकवून म्हणाले, “तूच लिही, पोरी. गाडी लेट आली तं लेटच लिहीत आलो मी. आता खोटं लिहायले माझा हात नाही चालत.”

“आबा, मैं लिख दूँ?” पोट्टी मध्येच म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्ड तसंच पिशवीत घातलं आणि निघाले.

दवाखान्यात हे काम पाहणाऱ्या डॉक्टरबाईंनी ते दोनदा वाचलं. “बाकीच्या घरी विचारलंस?”

“नाही.”

“मग विचारून ये.”

दुपारभर मी पार गुढियारी वस्तीपर्यंतची दारं ठोठावली. नाकात काही घालता का, म्हटलं की उत्तर तयार. “हव दीदी, रोज.” कुणाकडे तूप, कुणाकडे कोमट मोहरीचं तेल. आणि मग सांगितलं का नाही? “तुमने पूछा कब?” एका आईने तर मलाच बसवून सर्दीवर तुपाचे फायदे समजावले. चौथ्या-पाचव्या दारात मला हसूच आवरेना.

संध्याकाळी यादी टेबलावर ठेवून मी भीतभीत विचारलं, “ही सगळी मुलं आता बाद?”

“बाद कशाला? घडलं ते नोंदवायचं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “उद्या ही लस घेणार ती हीच पोरं ना? यांना वगळून ती सुरक्षित म्हणायची, ती कुणासाठी?”

नोकरी राहिली याचा आनंद तर होताच. पण आपण पगार कशाचा घेतो, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.