ग्वारीघाटाची अर्धी क्लिप

साहेबांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "देख लिया ये?"

मी सकाळीच पाहिलं होतं. नदीकाठच्या ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर आमचा एक कॉन्स्टेबल फूलवालीला दंडाला धरून ओढतोय. ती पडते, टोपली लवंडते. संपलं. वर लिहिलेलं, 'गरीब बाईवर वर्दीचा माज'. दुपारपर्यंत ठाण्याच्या गेटवर गर्दी जमली होती. दगड अजून कुणी उचलला नव्हता.

मी पोलिसांच्या सोशल मीडिया सेलमध्ये आहे. नेटवर आमच्याबद्दल काय फिरतंय ते पाहायचं आणि चुकीचं असेल तर पुराव्यानिशी उत्तर द्यायचं, हे माझं काम.

"शाम तक जवाब चाहिए," साहेब म्हणाले. "नहीं तो इसे सस्पेंड करना पड़ेगा."

कॉन्स्टेबल देशकर बाहेर बाकावर बसला होता. इथल्या हिंदी मुलखातच वाढलेला मराठी माणूस, वडील फॅक्टरीतून रिटायर झालेले.

"मॅडम, मी तिला मारून नव्हतो राहिलो. घाटावरच्या मंडपाची वायर तुटून पायरीवर पडली होती. ठिणग्या उडून राहिल्या होत्या, अन् ही फुलांची दुसरी टोपली आणायला परत चालली."

"मग क्लिपमध्ये वायर काहून नाही?"

"ज्यानं टाकली त्याले विचारा. माझी पोरगी कॉलेजातून रडत आली, मॅडम."

मी घाटावर गेले. पूजासामानाच्या एका दुकानावर कॅमेरा होता. दुकानदार आधी तयारच होईना. "दीदी, हमें मत फँसाइए." शेवटी त्यानं फुटेज लावलं.

वायर दिसली. ठिणग्या दिसल्या. बाई मागे वळली, देशकर धावला, त्यानं तिला ओढलं. मी श्वास सोडला.

पण फुटेज पुढे चालूच होतं. एक तरुण मोबाइलवर शूटिंग करत होता. देशकर वळला आणि त्याला सणसणीत थप्पड मारली.

फूलवाली तिथेच बसली होती. तिला विचारलं.

"भैया नहीं खींचते तो मैं मर जाती," ती म्हणाली. मग हळूच, "पर उस लड़के को काहे मारा?"

ठाण्यातल्या ऑफिसात साहेबांनी फुटेज पाहिलं आणि थप्पडेच्या आधी बोट ठेवलं. "बस, यहाँ काट दो."

देशकरनं हात जोडले. "कापा ना मॅडम. पोरगी पाहील."

बाहेरच्या घोषणा आता खोलीत ऐकू येत होत्या. मी साहेबांकडे वळले.

"सर, उन्होंने आगे का काटा, हम पीछे का काटेंगे? वो लड़का कल खुद बोलेगा. फिर हमारी वायर पर भी कौन भरोसा करेगा?"

साहेबांनी खिडकीतून गेटवरच्या गर्दीकडे पाहिलं. "चलो, पूरा डालो. लिखो कि थप्पड़ की जाँच होगी."

पोस्ट टाकली. तासाभर शिव्याच आल्या. मग फुटेजमधल्या वायरचा फोटो लोक एकमेकांना पाठवू लागले. संध्याकाळी गेटवरची गर्दी पांगली.

देशकर सस्पेंड झाला नाही, पण थप्पडेसाठी लाइन हाजिर झाला, म्हणजे ठाण्यातून काढून पोलीस लाइनीत पाठवला गेला. त्या तरुणाची त्यानं माफी मागितली. माझ्याशी मात्र कितीतरी दिवस बोलला नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर तीच अर्धी क्लिप पुन्हा आली. मी लगेच पूर्ण व्हिडिओ टाकला.

माझ्या मावसभावानं उत्तर दिलं, "ताई, एवढं मोठं कोण पाहून राहिलं?"