रियाम पार्कात उघडलेला तिखल्याचा डबा

बायकोबरोबर केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे रियाम पार्कात बाकावर बसून थर्मासातला चहा प्यायलो. तिनं कप आधी स्वतःच्या नाकाखाली धरला, मग मला दिला.

"प्या. दूध चांगलं आहे."

तिची ती रोजची सवय. कारण मला वास येत नाही. बावीस वर्षं याच मस्कतमध्ये घाणीच्या टाक्या उपसणाऱ्या टँकरवर काम केलं. एकदा टाकीतला गॅस लागला, तेव्हापासून नाक मेलं. त्या चहाच्या वेळी पंधरा वर्षं झाली होती. लोक म्हणतात, बरं झालं, या धंद्यात वरदान... डोंबलाचं वरदान! एकदा आंबलेली आमटी दोन वाट्या ओरपली आणि सलाईन लावून पडलो. मग माझ्या ताटातलं सगळं आधी तिच्या नाकाखालून जायला लागलं.

आता पुढचं वाचायच्या आधी एक सांगतो. मी भुतंखेतं मानत नाही. तुम्ही या ग्रुपवर टाकता ते अनुभव पोराच्या मोबाईलवर वाचतो — पांढरी साडी, पैंजणं, वळून बघितलं तर पाय उलटे... किळस येते. रागावू नका, सातवी नापास माणूस आहे, तोंडावर बोलतो. पण माझ्याबरोबर झालं ते झालं.

साल २०१४, ऐन उन्हाळा. मुलगा महेश एसी दुरुस्तीचं काम करतो, राहायला मस्कतच्याच अल मवालेह भागात. सून बाळंतपणाला रत्नागिरीला गेली होती, म्हणून आम्ही दोघं व्हिजिट व्हिसावर त्याला जेवूखाऊ घालायला आलो. म्हणजे घालायची ती. मला चहासुद्धा करता येत नव्हता.

पार्क मस्कतच्या मत्रा बंदराच्या समुद्राला लागून. वर खडकावर भलंमोठं पांढरं धुपाटणं बांधलंय आणि जवळच डोंगरावर फिरंग्यांचा बुरूज. चहाच्या त्या दिवशी महेशही बरोबर होता, मोबाईलमधून वाचून दाखवत होता.

"बाबा, तो पहिला फिरंगी कप्तान गलबतं घेऊन इथे आला ना, त्यानं गाव जाळलं. आणि धरलेल्या माणसांची नाकं-कान कापली."

"स्पेनचा का रे?"

"पोर्तुगीज. स्पेनच्या शेजारचे."

"सगळे एका माळेचे मणी."

ही पदराआड हसायला लागली. "अवो, मग तुमचं पण त्यानंच नेलं असणार. बघा खडकात कुठं पडलंय का!"

"गप गं."

"एवढं मोठं धुपाटणं डोक्यावर, आणि आमच्या माणसाला वास नाही."

दोन दिवसांनी पहाटे ती स्वयंपाकघरात खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट.

आदल्या दिवशी तिनं तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं. एक डबा उरला तो फ्रीजरमध्ये होता. दहन सोहारला केलं, आपलं स्मशान तिकडे. लांब आहे, घर बंद करून गेलो, अस्थी घेऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. मग तेरा दिवस भेटायला येणारे. बिस्किटं खात खात म्हणायचे, "सुटली हो, हाल न होता गेली." तोंड बघवत नव्हतं एकेकाचं. सुतकात मासे खायचे नाहीत, म्हणून डबा तसाच ठेवला. पण रोज फ्रीजर उघडून बघायचो. बर्फाचा लाल दगड. तिच्या हातचं जगात एवढंच उरलेलं.

चौदाव्या दिवशी महेश कामाला गेला. मी डबा काढून ठेवला, सुटू दिला. ऊन उतरल्यावर टॅक्सी करून रियामला गेलो, त्याच बाकावर बसलो. पिशवीत खुबूस होते, इथल्या अरबी रोट्या. झाकण उघडलं.

आणि वास आला.

पंधरा वर्षांनी! आणि कसला... मेन टाकीचं झाकण उघडल्यावर पहिल्यांदा तोंडावर येतो तसा. सडका, आंबूस, जिभेला चिकटणारा. मी चपला बघितल्या, बाकाखाली बघितलं. पलीकडच्या बाकावर एक पठाण बसला होता.

"भाई, बास आ रही है?"

"नहीं चाचा. हवा अच्छी है."

एक मांजर आलं. मत्राची मांजरं म्हणजे माशावर जीव टाकणारी. त्यानं डब्यापाशी तोंड नेलं, मान झटकली आणि सरळ चालू पडलं.

शहाण्या माणसानं तेव्हाच डबा बंद केला असता. मी खुबूसचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला. तिच्या हातचं होतं हो! तोंडाजवळ नेला, तर वास डोक्यात घुसला आणि मी स्वतःच्या चपलांवर ओकलो. तोंड पुसलं. परत घास घेतला. परत तेच. बायाबापड्या पोरांना ओढून लांब नेत होत्या.

झाकण लावलं. वास बंद. बटण दाबल्यासारखा. मुद्दाम वाकून माझ्या ओकारीचा वास घेतला — काही नाही. समुद्राचा नाही, घामाचा नाही. नाक परत मेलेलं.

घरी महेशनं सिंकपाशी डबा उघडला आणि मागे उडी मारली.

"शी! बाबा, हे खाणार होतात? मेला असतात!"

"फ्रीजरमध्ये होतं रे."

त्यानं झाकण परत लावलं. "सोहारहून आलो तेव्हा फ्रीजखाली पाणी होतं. मी पुसून टाकलं. लाइट पण लागेना, बघतो तर मेन स्विच पडलेला. आपोआप पडला असेल म्हणून वर केला..."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मेन मीच पाडला होता. गावी घराला कुलूप लावायचं म्हणजे आधी मेन पाडायचा. चाळीस वर्षांची सवय. तिला बाहेर नेत होते आणि माझा हात आपोआप तिकडे गेला. असल्या उन्हाळ्यात दोन दिवस बंद घरात ते सडलं, आणि मग त्याचा परत बर्फ झाला. तिचं शेवटचं जेवण मी माझ्या हातानं नासवलं. स्वतःची एवढी घाण टाकीत उतरून कधी वाटली नव्हती.

"पण बाबा," महेश म्हणाला, "तुम्हाला वास आला कसा?"

नंतर डॉक्टरला दाखवलं. स्पिरिटचा बोळा, कॉफी, काय काय नाकाला लावलं. शून्य. म्हणाला, मेंदूला भास होतात कधी कधी. असेल. पण भासाला काय ठाऊक की डबा नासलाय? ते त्याला सांगता येईना. मलाही येत नाही. तुम्हीही आत्मा, इच्छा, असलं काही लिहू नका. मी विचारलेलं नाही.

त्या रात्री महेशनं डबा ओतला. मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून जन्मात पहिल्यांदा गॅस पेटवला आणि भात लावला. किती पाणी, किती वेळ, काही माहीत नव्हतं. महेशला उठवून ताट पुढ्यात ठेवलं.

"करपलाय का रे?"

त्यानं ताट नाकाजवळ नेलं. "हो बाबा. खालून चांगलाच."

"चालेल ना खायला?"

"चालेल."

मग मी पण वाढून घेतला.