पास कर की गं!

कोल्हारच्या मंडळीत मी पाळक म्हणून आले तेव्हा जो तो विचारायचा, “पाळकीणबाई, साहेब कधी येणार?” चर्चच्या पाळकाला साहेब आणि त्याच्या बायकोला पाळकीणबाई म्हणायची आमच्याकडची रीत. बाईच पाळक असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी म्हणायचे, “साहेब आलेत. तुमच्यासमोर उभे आहेत.” मग समोरचा मला खालपासून वरपर्यंत बघायचा. त्याला वेळ लागायचा, कारण मी चांगलीच उंच आहे.

या उंचीपायीच शाळेत पीटीच्या सरांनी मला बास्केटबॉलला ओढलं. पण स्वतः बास्केट करण्यापेक्षा दुसरीला बॉल देऊन तिच्याकडून करून घ्यायला मला जास्त आवडायचं. आणि ओरडायला. मी श्रीरामपूरच्या मैदानावर ओरडले की बेलापूरला ऐकू जातं, असं आई म्हणायची. पुढे नगरला कॉलेजात गेले, विद्यापीठाच्या संघात निवड झाली, आणि सरावातच गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. संपला खेळ! घरी पडून होते, सगळ्यांवर खेकसत, देवाशीसुद्धा अबोला धरून. तेव्हा मंडळीतल्या बाया आळीपाळीने यायच्या. एकीनेही उपदेश केला नाही. कुणी वेणी घालून द्यायची, कुणी शेजारी बसून मेथी निवडायची, कुणी नुसत्या गावगप्पा मारायची. त्यांनी मला माणसांत आणलं. हे काम आपल्यालाही जमेल, असं तेव्हा वाटलं. पुण्याला जाऊन धर्मशिक्षण घेतलं आणि पाळक झाले. आवाज तेवढा तोच राहिला.

कोल्हारला चर्चच्या आवारात बास्केटबॉलची रिंग लावायचं काढलं, तर पंच आडवे आले. मंडळीचा कारभार बघणाऱ्यांनाही आमच्यात पंचच म्हणतात, आणि पंचांशी माझं मैदानापासूनच वाकडं! “देवाच्या दारात उड्या?” एक पंच म्हणाले. ते गणिताचे निवृत्त मास्तर. “मग पोरींनी कुणाच्या दारात मारायच्या?” मी म्हटलं. शेवटी जुन्या दिव्याच्या खांबावर रिंग बसली आणि संध्याकाळी पोरी यायला लागल्या. चर्चच्या थोड्या, गावातल्या जास्त.

त्यात एका शेतकऱ्याची लांब हातांची, अबोल पोरगी होती. बॉल मिळाला की तो छातीशी धरून उभी राहायची, कुणाला द्यायचीच नाही. एकदा माझं डोकं फिरलं. “अगं, पास कर की गं! सगळ्यांना जमतं, तुलाच कसं जमत नाही? एकदा तरी पास कर!” बाकीच्या पोरी फिस्सकन हसल्या. तिने बॉल खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेली. मग यायचीच बंद झाली.

मी तिच्या घरी गेले. तिची आई गोठा झाडत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “पोरगी गनितात नापास हाय, धाव्वीला बसलीय अडकून, ते आमाला बी ठावं हाय. तुमी चारचौघींत कशाला काढलं, बाई?”

मी चाटच पडले. “अहो मावशी, पास म्हणजे बॉल! बॉल दुसरीच्या हातात द्यायचा!” आता हे दाखवायचं कसं? समोर शेणाचं घमेलं होतं. तेच उचलून मी त्यांच्या हातात दिलं. “हा बघा, हा पास.”

मावशी घमेल्याकडे बघत राहिल्या आणि खुदकन हसल्या. “मंग सरळ ‘दे’ म्हनायचं की!”

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. फेरपरीक्षा तोंडावर होती. त्यात सुटली तर तिला कॉलेजात घालणार. नाहीतर शिक्षण बंद. बापाने पुणतांब्याचं स्थळ हेरून ठेवलं होतं, वय भरलं की बार उडवायचा. “मला न्हाई जायचं पुनतांब्याला,” दाराआडून आवाज आला. एवढं एक वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हापासून आमच्या मैदानावर ‘पास’ हा शब्द बंद. ‘दे!’ म्हणायचं. आणि उड्यांना नावं ठेवणारे मास्तर? तेच रोज चर्चच्या पायरीवर तिला घेऊन बसायला लागले. “आधी बीजगणित, मग धिंगाणा,” म्हणायचे. ती खेळायला आली की बॉल द्यायलाही लागली, आधी बिचकत, मग न बघता, अचूक.

निकालाच्या दिवशी माझं कशातच लक्ष नव्हतं. देवाला म्हटलं, बाबा रे, एवढी एक सोडव. संध्याकाळ झाली, पोरी जमल्या, तिचा पत्ता नाही. मास्तर पायरीवर बसून उगीच चष्मा पुसत होते. इतक्यात फाटकातून ती पळत आली, अनवाणीच, आणि माझ्यापेक्षा मोठ्यांदा ओरडली, “पास! पाळकीणबाई, पास!”

मी आपली जुन्या सवयीने बॉल तिच्याकडे फेकला. तिने तो झेलला, पहिल्यासारखा छातीशी घट्ट धरला, आणि रडत हसत म्हणाली, “अवो, बॉल न्हाई! मी!”