मेथीवर टांगलेली कोजागिरी

२००५ च्या फेब्रुवारीत माझी बायको माधवी गेली. तिच्या सीडी कपाटात राहिल्या.

कपाट मी उघडत नव्हतो आणि कोणाला उघडू देत नव्हतो. मे महिन्यात गौरी, माझी मुलगी, कॉलेजातून घरी, अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावी आली आणि दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घेऊन त्या कपाटासमोर मांडी ठोकून बसली.

"बाबा, सीडीज खराब होतात. मी सगळं एमपीथ्री करतेय. आईनं लिहिलेल्या सीडी झाल्यासुद्धा."

"म्हणजे नेमकं काय करतेस?"

"फाईल छोटी होते. इट जस्ट ड्रॉप्स द स्टफ यू कान्ट हिअर."

मी हातातलं पुस्तक मिटलं. (हे माझ्या बाबतीत आरडाओरडा करण्यासारखं आहे.) मला काय ऐकू येत नाही, हे ठरवणारा तो एमपीथ्री कोण? आम्हाला न विचारता माधवीच्या संग्रहातलं काहीतरी गाळायचं, आणि वर ते आमच्या भल्यासाठी! "तो कचरा पुसून टाक," मी म्हणालो, "आणि पुन्हा सीडींना हात लावू नकोस."

"ओके, बाबा," गौरी म्हणाली.

बहुतेक सीडी विकतच्या होत्या. खरा जीव होता तो सहा-सात घरच्या सीडींमध्ये. आमच्या बेसमेंटमध्ये मैफली होत. गाणारे आमच्यासारखेच, दिवसा गाड्यांचे सुटे भाग बनवणारे. माधवी रेकॉर्डर बेसमेंटच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायची. त्यामुळे खालून गाणं आणि वरून स्वयंपाकघर, दोन्ही सारख्याच निष्ठेनं त्यात शिरत. नंतर ती ते सीडीवर उतरवून वर आपल्या अक्षरात लिहायची: 'कोजागिरी', 'गौरीचा वाढदिवस'.

आता इथे दिलीप येतो. दिलीप माझा पंचवीस वर्षांचा मित्र, आणि गाडीत कुठूनही कुरकुर ऐकू येऊ नये यासाठी पगार घेणारा इंजिनिअर. माझ्या गाडीत बसला की आधी डॅशबोर्डला कान लावतो, मग सीटबेल्ट लावतो.

"एमपीथ्री? चोर आहे तो फॉरमॅट!" दिलीप ओरडला. "फ्लॅक कर, फ्लॅक! त्यात एक कणसुद्धा जात नाही. सगळ्या सीडी माझ्याकडे दे."

'एक कणसुद्धा जात नाही' हे वाक्य मला त्या दिवसांत इतकं आवडलं की मी सगळ्या सीडी दोन खोक्यांत भरून स्वतः त्याच्या गाडीत ठेवल्या.

जुलैत त्याचं बोलावणं आलं. त्याच्या बायकोनं, शैलावहिनींनी, पोहे केले होते. दिलीपनं कपाटाएवढे स्पीकर लावले आणि आमच्या बेसमेंटमधला यमन सुरू झाला. स्वच्छ! तंबोऱ्याची तार न् तार वेगळी. मी डोळे मिटून वाट पाहत बसलो. गाणं संपलं. लगेच दुसरं सुरू झालं. तेही संपलं.

"दिलीप, माधवी कुठाय?"

"अं?"

"मधे मधे ती बोलते. बांगड्या वाजतात. 'वा' म्हणते."

"अरे, ते सगळं साफ केलं!" दिलीप अभिमानानं म्हणाला. "तीन शनिवार-रविवार घालवले. कुकर काढला, भांडी काढली, गाण्यांच्या मधे कोणीतरी सारखं ओरडत होतं, ते अख्खं कापलं!"

"ते कोणीतरी म्हणजे माधवी!"

दिलीपच्या हातातला चमचा बशीत पडला. (हा आवाज मात्र कोणी साफ केला नाही.)

"न कापलेल्या फाईली असतील ना?" मी विचारलं.

"त्या... फार जागा खात होत्या रे. उडवल्या."

एक कणसुद्धा जात नाही म्हणे! कण राहिले, बाई गेली!

"मूळ सीडी दे माझ्या. आत्ता."

दिलीपनं शैलावहिनींकडे पाहिलं. शैलावहिनींनी खिडकीबाहेर पाहिलं. मीही पाहिलं. मागच्या अंगणात मेथीचा वाफा होता आणि त्यावर ताणलेल्या सुतळीला लटकून माझ्या सीडी उन्हात गोल गोल फिरत होत्या.

"ससे फार येतात हो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "चकाकीला घाबरतात म्हणे. हे म्हणाले, कॉपी झाली. छापील सगळ्या खोक्यात आहेत हं! हाताने लिहिलेल्या तेवढ्याच घेतल्या."

मी तसाच अनवाणी बाहेर धावलो. महिनाभराच्या ऊन-पावसानं सीडींचे पापुद्रे सुटले होते. काहींतून तर आरपार दिसत होतं. माधवीनं आयुष्यात कोणाला घाबरवलं नव्हतं, आणि तिच्या हातची कोजागिरी इथे सशांना दटावायला लावली होती! बरं, ससे तरी घाबरावेत? नेमका 'कोजागिरी'च्या खाली एक गुबगुबीत ससा बसून मेथी खात होता. मला पाहूनही उठला नाही.

"भाऊजी, थोडी मेथी देऊ का बांधून?" मागून वहिनींचा रडवेला आवाज आला.

मी नको म्हणालो. मेथी मात्र त्यांनी गाडीत ठेवली.

घरी आल्याबरोबर गौरीला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"बाबा, तो एमपीथ्रीचा कचरा तू पुसायला सांगितला होतास ना?"

"हो."

"मी कधी ऐकते का तुझं?"

मुलीच्या हट्टीपणाबद्दल मी आयुष्यभर तिच्या आईला बोल लावला होता. त्या दिवशी मी खुर्चीत बसलो आणि देवाला नमस्कार केला.

"लोएस्ट क्वालिटी आहे हं," गौरी म्हणाली. "साउंड्स लाइक अंडरवॉटर. पण आई आहे त्यात. मी रोज ऐकते."

तिनं ते सगळं एका छोट्या प्लेअरमध्ये भरून पाठवलं. मी तो गाडीत लावतो. यमन पाण्याखालून यावा तसा येतो, तंबोऱ्याचा पत्ता नाही. पण बांगड्या वाजतात, 'वा' येतं. मग माधवी जिन्यावरून ओरडते, "अहो, तो गॅस बंद करा!" (आमची शेगडी विजेची होती, पण मराठी माणूस बंद करतो तो गॅसच.)

हुकूम आला की माझा हात आपोआप पुढे जातो आणि मी प्लेअर बंद करतो. त्यानंतरचं गाणं मी अजून ऐकलेलं नाही.