गवत जाळणाऱ्या सेनापतीचा निवाडा

देवगाव फाट्यावर माझं खताचं दुकान आहे आणि दुकानाला लागून चहाचं हॉटेल. भर उन्हाळ्यात खताला गिऱ्हाईक नसतं, म्हणून मी हॉटेलच्या बाकावर बसून राज्यं चालवतो. गेल्या उन्हाळ्यात मी एक अख्खं युद्ध चालवलं.

युद्ध मोबाईलवरच्या मालिकेतलं. जादूगार, चालणारे दगडी राक्षस, हरवलेलं सिंहासन आणि ते परत मिळवायला निघालेला एक सेनापती. दुपारी जेवण झालं की मी एक भाग बघायचो आणि संध्याकाळी हॉटेलात सांगायचो. मोबाईल सगळ्यांकडे होते, पण तुमी सांगा, त्यात जास्त मजा हाय, असं लोक म्हणाले. लोकाग्रहापुढे माझं काही चालत नाही. घोड्याचं खिंकाळणं मी इतकं मन लावून करायचो की थांबलेल्या एसटीतले प्रवासी खिडकीतून डोकी बाहेर काढायचे.

सेनापती मोठा कर्तबगार. शरण आलेल्या सैनिकांना त्याने कड्यावरून खाली ढकललं. पुढच्या भागात धरण फोडून एक शहर बुडवलं, बायकापोरांसकट. मला वाटलं, आता हॉटेलात हळहळ होईल. हॉटेलवाल्याने एवढंच विचारलं की दगडी राक्षस जेवतात का. बाकीच्यांचं मत पडलं की लढाई म्हटल्यावर हे चालायचंच. या मताचे पुढारी म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फाट्यामागचं मोठं रान त्यांचं. सेनापतीची प्रत्येक कत्तल त्यांना आवडायची. माणूस असा कडक पाहिजे, असं ते मांडी थोपटून सांगायचे. घरी कोणता सदरा घालायचा हे बहिणीला विचारून ठरवणाऱ्या माणसाला कडकपणाची ओढ असणं साहजिक आहे.

दाजींचं त्या दिवसांत एकच ध्यान होतं: रानात मेंढ्या बसवायच्या. पिकं निघाली की धनगर कळप घेऊन येतात, रात्री मोकळ्या रानात मेंढ्या बसवतात, लेंड्यांनी जमीन खतावते, आणि मालक बदल्यात ज्वारी देतो. मेव्हण्याचं खताचं दुकान हाकेच्या अंतरावर असताना दाजींचा भरवसा लेंड्यांवर. मी मनाला लावून घेत नाही. कळप शेजाऱ्याच्या रानात होता, दुसऱ्या दिवसापासून दाजींची पाळी होती. पाऊस तोंडावर आला होता. पाळी हुकली असती तर कळप धनगरांच्या गावाकडे परत वळला असता आणि दाजींचं रान वर्षभर तसंच राहिलं असतं.

कळपाचा म्हातारा मालकही रोज माझी मालिका ऐकायला यायचा. शहर बुडालं तेव्हा तो शांतपणे बशीतून चहा पीत होता.

त्या संध्याकाळी मी गवताचा भाग सांगितला. शत्रूचे घोडे उपाशी मरावेत म्हणून सेनापती अख्ख्या हिरव्या खोऱ्याला आग लावतो, आणि खोऱ्यात असतात मेंढपाळ. आगीत सापडलेल्या कोकरांचा आवाज मी जीव तोडून काढला. म्हाताऱ्याने बशी खाली ठेवली.

"गवत जाळायचं काय कारन होतं त्याला?"

दाजी रंगात आलेले. "ती रणनीती असती, मामा. मी असतो तर मीबी जाळलं असतं."

"मग आमी उद्या दुसरीकडं जातो, मालक. गवत जाळणाऱ्याच्या रानात मेंढरं बसवत न्हाई."

सगळे हसले. म्हातारा हसत नाही हे दिसल्यावर थांबले. दाजींनी परोपरीने समजावलं की ही गोष्ट आहे, असं खोरं जगात कुठंच नाही.

"खोरं खोटं असंल," म्हातारा म्हणाला. "जबान तर तुमची खरी हाय."

आणि मग हॉटेलात करुणेला असा काही पूर आला की विचारू नका. ज्याचं ज्याचं रान मोकळं होतं, त्याला त्याला सेनापतीची किळस वाटू लागली. काल बुडालेल्या शहरावर टाळ्या देणारा एकजण म्हणाला की मुक्या जनावराला जाळणं म्हणजे हद्द झाली, आणि त्याच दमात स्वतःच्या रानाचा पत्ता सांगून मोकळा झाला. हॉटेलवाल्यालाही आठवलं की आपलं थोडं रान ओढ्याकाठी आहे.

दाजींनी मला बाजूला घेतलं. मेव्हणे, गवत जळलंच न्हाई असं सांगा, ऐनवेळी पाऊस आला म्हना. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की इतिहासाची मोडतोड माझ्याकडून होणार नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

शेवटी निवाड्याला मीच बसलो. म्हाताऱ्याला एकेक गुन्हा विचारत गेलो. कड्यावरून ढकललेले सैनिक? ते मरायच्या तयारीनंच आले होते, माफ. बुडवलेलं शहर? शहरातल्यांचं शहरातले बघून घेतील, तेही माफ. गवत? गवताला माफी नाही. हजारो माणसं अशी दोन घोटांत निकालात निघाली आणि दाजींवर एकच कलम उरलं. त्यांनी भर हॉटेलात उभं राहून, माझ्याकडे जळजळीत नजर टाकत सांगितलं की गवत जाळायला नको होतं, त्या माणसाचं चुकलंच.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळताना कळप दाजींच्या रानात आला. म्हाताऱ्याच्या सुना मेंढरांभोवती कुंपणाची जाळी ठोकत होत्या. आम्ही बांधावर उभे होतो. दाजी बराच वेळ समाधानाने बघत राहिले, मग माझ्या कानाशी आले.

"आता सांगतो, मेव्हणे. जाळलं ते बरोबरच होतं. शत्रूच्या घोड्यांवर दुसरा इलाजच न्हाई."

जाळीपलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला. "मालक, मेंढरं अजून उभीच हायेत. बसू द्यायची का हाकलायची?"

"नालायक होता तो सेनापती," दाजी म्हणाले, शेजारच्या रानातही ऐकू जाईल अशा आवाजात. "एक नंबरचा नालायक."

थोड्या वेळाने पुढची मेंढी गुडघे मोडून खाली बसली, मग तिच्या मागची.