कुंकू खाणारी मशीन

आमच्या गल्लीतले महिपती सुतार लाकडाच्या बाबतीत भलते काटेकोर. फळीवर जरा खरखर राहिली की त्यांना जेवण गोड लागत नाही. पण त्यांची लाकूड घासायची मशीन पक्की नाटकी! लहर लागली तर चालायची, नाहीतर ऐन कामात मान टाकायची. दोन चापट्या खाल्ल्या की पुन्हा घरघरायची. "आता दुसरी घ्या की," असं मी सतरांदा म्हटलं असेल. माझं ऐकतील तर शपथ.

"लक्षुमी हाय ती," म्हणायचे. "तिच्यावर घर उभं ऱ्हायलंय."

यंदा त्यांच्या लेकीला, विजयमालाला मुलगा झाला. रविवारी बारसं, आणि सागवानी पाळणा आजोबाच करणार. पाळणा पास करायचा मान त्यांच्या बायकोचा, सोजरबाईंचा. त्या रेशमी पदर कठड्यावरून ओढत नेतात. धागा अडकला की पाळणा नापास.

शुक्रवारी सकाळी पदर जागोजाग अडकला. महिपतींनी मशीन लावली, तर तिनं कायमची मान टाकली. चापट्याही वाया गेल्या.

"लेकराच्या बोटात लाकडाची कूस गेली तर?" महिपतींचा चेहराच उतरला.

शरणबसव मिस्त्रीनं मशीन खोलली. आत तांदळाचे दाणे, झेंडूच्या पाकळ्या आणि कुंकवाचा दगडासारखा गोळा! दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा सोजरबाई करतात, आणि मशीनच्या हवेच्या जाळीवरच त्यांचा हात सैल सुटायचा.

"मावशी, पुरणपोळी तेवढी ऱ्हायली की," शरणबसव म्हणाला. आम्ही पोट धरून हसलो. सोजरबाईंच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं.

"माज्यामुळं नातवाचा पाळणा अडला," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं कुणाला न बधलेले महिपती तडक उठले, चपला घातल्या आणि दुपारी नवी मशीन घेऊनच आले. ही गुणी निघाली. आवाज कमी, धूळही स्वतःच्याच पिशवीत भरायची. शनिवारी पदर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुळकन गेला. मलाच जास्त आनंद झाला.

बारशाच्या सकाळी सोजरबाई सवयीनं पूजेचं ताट घेऊन नव्या मशीनपाशी आल्या आणि हात आखडून थांबल्या. महिपतींनी जुनी मशीन पुसून पुढं ठेवली.

"हिला लाव. आता पोटभर लाव."

सोजरबाईंनी तिला कुंकवानं लालेलाल केलं. मग बाळाला पाळण्यात ठेवलं. त्यानं कठड्याची पट्टी मुठीत घट्ट धरली आणि काही केल्या सोडेना. महिपतींनी हळूच ती मूठ उघडून बघितली. तळवा लोण्यासारखा साफ होता.